सगुणाबाईंची अट

"रविवारी उपासना संपायच्या आधी मला थोडा वेळ द्या, पाळकसाहेब," एलीशा मास्तर म्हणाले. "मंडळीपुढं उभं राहायचंय."

मी अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसलो होतो. मास्तर काठी टेकत फाटकातून केव्हा आत आले ते मला कळलंच नाही. हात पुसून मी त्यांना खुर्ची आणून दिली. ते बसले, पण टेकले नाहीत. पोटातल्या गाठीमुळं त्यांना मागं रेलून बसता येत नसे. नगरच्या डॉक्टरांनी आता ऑपरेशन नको म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ सगळ्या बोरखळीला कळला होता.

"साक्ष द्यायची आहे का?" मी विचारलं. दुखण्यात देवानं कसा धीर दिला हे सांगायला माणसं उभी राहत, तसंच काही असेल असं मला वाटलं.

"साक्ष नाही. कबुली."

मला हसू आलं. "मास्तर, तुमची कसली कबुली?"

"व्यभिचाराची," ते म्हणाले.

गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. यातलं आता कुणी हयात नाही, तरीही बदलली आहेत. बोरखळी म्हणजे एका जुन्या मिशन शाळेभोवती वसलेली ख्रिस्ती वस्ती. गोरे साहेब केव्हाच निघून गेले होते. शाळा सरकारजमा झाली होती. राहिलं होतं ते दगडी ख्रिस्तमंदिर, कब्रस्तान आणि साहेबांचे नियम. दारू, चोरी, व्यभिचार, जुन्या दैवताला नारळ फोडणं, यातलं काहीही घडलं तर त्या माणसानं रविवारी व्यासपीठाखाली लोकांकडं तोंड करून उभं राहायचं. काय केलं, केव्हा केलं, कोणाबरोबर केलं, हे आपल्या तोंडानं सांगायचं. मग मंडळीनं हात वर करून क्षमा करायची. जो काही लपवील तो मंडळीबाहेर. त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही, कुणाच्या लग्नात प्रार्थना करायचा मान नाही आणि मेल्यावर बाकीच्यांच्या रांगेत जागा नाही. अशांना कुंपणाकडेला पुरत.

मी तिथं नवा होतो. वर्षभरात दोन वेळा हा प्रकार पाहिला होता. दोन्ही वेळा प्रश्न विचारले होते ते मंडळीचे सर्वांत जुने वडील, म्हणजे पंच, म्हणून एलीशा वाघचौरे मास्तरांनीच. ओरडून नाही, अगदी शांतपणे, मुलाचा धडा तपासावा तसे. "पुढं सांग. आणखी कोण होतं? अर्धी कबुली म्हणजे कबुली नव्हे, बाळ." एक ताडी प्यालेला पोरगा समोर उभा राहून थरथरत होता आणि त्याची आई बाकावर पदराचं टोक दातात धरून बसली होती. घरी आल्यावर मला जेवण गेलं नव्हतं. पण वस्तीतल्या प्रत्येकाला मास्तरांनी अक्षर शिकवलेलं. त्यांच्यापुढं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

"फार जुनी गोष्ट आहे," मास्तर सांगू लागले. "सगुणा तिचं नाव. आईबाप पटकीत गेले होते. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला होती. राहेलला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिला उठवत नव्हतं, म्हणून ही आमच्याकडं हाताखाली यायची. जबरदस्ती मी केली नाही, पाळकसाहेब. पण ती सतरा-अठराची निराधार पोर आणि मी मास्तर. नाही म्हणायला तिला जागा कुठं होती?"

सायकलचं चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं. ते मी हातानं थांबवलं.

"पोट दिसायला लागल्यावर साहेबांनी तिला उभं केलं. नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. चांगला अर्धा तास ती उभी होती. मग मंडळीला विचारलं, हिला बाहेर काढायचं का? सगळ्यांनी हात वर केले."

"आणि तुम्ही?"

"मी पहिल्या बाकावर होतो. मीही केला." त्यांनी उजवा हात मांडीवरून थोडा उचलला आणि पुन्हा ठेवला. "पुढं मी वडील झालो. कितीजणांना त्या जागी उभं केलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी उठेल आणि माझ्याकडं बोट दाखवील. कुणी दाखवलं नाही. आता फार दिवस राहिले नाहीत. हे घेऊन मला जायचं नाही."

"राहेलबाईंना माहीत आहे?"

"रविवारी कळेल. सगळ्यांबरोबर."

त्या उत्तरात काय होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"एक काम करा," ते म्हणाले. "ती आंबेसांगवीला असते. आढाव नावाचा विधुर गवंडी होता, त्यानं तिला घरात घेतलं. मुलालाही आपलं नाव दिलं. आढाव वारला. मुलगा साखर कारखान्यात फिटर आहे. मी त्याला एकदा बाजारात पाहिलंय, लांबून." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिला म्हणावं, रविवारी ये. समोर बस. जिथं तुला मान खाली घालायला लावली तिथंच ती वर झाली पाहिजे."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मनातून उचंबळून आलं. एवढा मोठा माणूस, एवढ्या वर्षांनी, आपण होऊन. उजेडात आणलेली जखम भरून येते असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते वर्षभर लोकांना शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून आंबेसांगवीला गेलो. गावाच्या कडेला दोन खणांचं पक्कं घर होतं. आढावनं स्वतः बांधलेलं असावं, दगड न् दगड नीट बसलेला. अंगणात चटईवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि एक उंच, काटक म्हातारी त्यांची देठं खुडत बसली होती. मी सलाम केला तशी तिनं हात थांबवला. तो शब्द ऐकून तिला माझी जात-पात, गाव सगळं कळलं असणार. त्या भागात सलाम आमचीच माणसं करतात.

"बोरखळीहून आलोय. तिथला पाळक आहे मी," असं म्हणता म्हणता मला मिरचीचा ठसका लागला.

दारात सून आली होती. म्हातारी तिला म्हणाली, "मंगल, पाव्हण्यांना पाणी दे. आन् जरा वाण्याकडनं गूळ घिऊन ये, च्या ठेवायचाय."

सून पाणी देऊन गेली. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत सगुणाबाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोला. कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही. एलीशा मास्तरांनी पाठवलंय."

त्यांचा चेहरा बदलला नाही. देठं खुडायचं काम पुन्हा सुरू झालं. मी सगळं सांगितलं. मास्तरांचं दुखणं, त्यांचा पश्चात्ताप, रविवार, समोरच्या बाकावरची जागा. मध्येमध्ये मला शिंका येत होत्या, त्यामुळं जे गंभीरपणे सांगायचं होतं ते तुटकतुटक झालं.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आता माझं ऐका. माझा पोरगा आढावांचा हाये. त्याला तेवढंच म्हाईत हाये. सुनंला म्हाईत न्हाई, नातवांना म्हाईत न्हाई, ह्या गावात कुणालाच न्हाई. आढावांना म्हाईत होतं, ते गेले. मास्तरानं तिकडं माझं नाव घेतलं की चार दिसांत ते हितं येईल. बाजार एकच हाये दोन्ही गावांचा."

"पण बाई, त्यांची इच्छा तुमची बदनामी पुसायची आहे."

"हितं माझी बदनामी हायेच कुठं? ती तिकडं हाये, त्या दगडी मंदिरात. राहू द्या तिथंच. मी काय तिथं जात न्हाई." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मला एकटीला उभं केलं तवा नाव विचारलं. मी सांगितलं असतं तर मला ठिवलं असतं, त्याला काढलं असतं. साहेबानं तसं बोलूनच दाखवलं. मी न्हाई सांगितलं. तवापासनं ते नाव माझं हाये. मी सांभाळलंय. आता त्याला लागलं म्हणून त्यानं ते परत मागायचं न्हाई."

"का सांगितलं नाहीत तेव्हा?" मी विचारलं. पाळक म्हणून नाही, खरंच कळून घ्यायचं होतं म्हणून.

"त्याच्यासाठी न्हाई," त्या म्हणाल्या. "राहेलबाईसाठी. तिच्या घरी मी जेवलेय. माझ्या केसांत उवा झाल्या होत्या तर मांडीवर डोकं घिऊन बसायची. पोटुशी होती. मला काढलं त्या दिशी वस्तीतलं एक माणूस बाहेर आलं न्हाई. ती आली. ओढ्यापर्यंत. स्वतःचं लुगडं दिलं न् म्हणाली, जपून जा. मी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

ऊन चढलं होतं. लांबून सून येताना दिसली. सगुणाबाईंचा आवाज थोडा खाली आला.

"त्याला हलकं व्हायचंय. मरायला टेकलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणू? उभं राहू द्या त्याला. पण माझी अट सांगा. आधी घरी जायचं. राहेलबाईला समोर बसवून सांगायचं. तिच्या तोंडाकडं बघून. मग मंदिरात उभं राहायचं. आन् नाव विचारतील तवा गप राहायचं. मी राहिले तसं. मग काय करायचं ते मंडळी करील."

"नाव सांगितलं नाही तर मंडळी त्यांना बाहेर काढील, बाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाये काय करत्यात ते."

सून गूळ घेऊन आली. सगुणाबाई तिला म्हणाल्या, "बोरखळीचे पाळक हायेत. जुन्या वळखीचा निरोप घिऊन आलेत." मी चहा घेऊन निघालो. सायकलवर परत येताना डोळ्यांची जळजळ होत होती. मिरच्यांचा तिखटपणा डोळ्यांत गेला असावा असं मी स्वतःला सांगितलं.

मास्तर शाळेच्या मागच्या लिंबाखाली एकटेच बसलेले भेटले. मी अट सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "मुलगा घरी होता?"

"नव्हता. कामावर होता."

त्यांनी मान हलवली. मी एकेक करून सगळं सांगितलं. नाव घ्यायचं नाही, हे त्यांना जड गेलं. बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तिचा तेवढा हक्क आहे. बाहेर काढतील, काढोत. मी इतरांना काढलंच की."

"आणि राहेलबाई?"

"ते शक्य नाही."

"का?"

"तिला या वयात का दुखवू? साखरेचा आजार आहे तिला. डोळ्यांना नीट दिसत नाही."

"मग रविवारी मंदिरात ऐकून त्यांना दुखणार नाही?"

"तिथं सगळे असतील, पाळकसाहेब," मास्तर म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं.

मी समोर दगडावर बसलो. माझं वय त्यांच्या निम्म्याहून कमी होतं, पण त्या वेळी ते शाळेतल्या मुलासारखे दिसत होते. हळूहळू तेच बोलले. "मंडळीनं हात वर केले की झालं, असं धरून चाललो होतो मी. सगळ्यांनी क्षमा केल्यावर ती एकटी काय करणार? तिचाही हात वर गेला असता. सगळ्यांबरोबर." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तीनशे माणसांपुढं उभं राहायला मला भीती वाटत नाही. तिच्यापुढं, चुलीजवळ बसून... तिथं मला शब्द सापडणार नाही."

"मग रविवारी उभं राहू नका," मी म्हणालो. "मीही परवानगी देणार नाही. कुणालाच काही कळणार नाही. सगुणाबाईंनाही तेच हवंय."

मला वाटलं त्यांना सुटल्यासारखं होईल. त्यांनी काठी उचलली, उठायचा प्रयत्न केला, दुखलं म्हणून पुन्हा बसले. "ती अर्धा तास उभी होती," ते म्हणाले. "मला हात धरून उठवा."

शनिवारपर्यंत ते मला दिसले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरावरून गेलो. दार लोटलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज होता, बोलण्याचा नव्हता.

रविवारी मंदिर नेहमीसारखंच भरलं. बायका उजवीकडं, पुरुष डावीकडं. मास्तर आपल्या पहिल्या बाकावर आले. राहेलबाई शेजारच्या मुलीचा हात धरून आल्या आणि बायकांच्या बाजूला मधल्या रांगेत बसल्या. चष्म्यामागचे त्यांचे डोळे कुठं पाहत होते ते मला सांगता आलं नसतं. मास्तरांनी घरी सांगितलं की नाही, हे मला अजून ठाऊक नव्हतं. उपदेश मी कसाबसा संपवला. शेवटचं गीत सांगायच्या आधी मास्तरांकडं पाहिलं. ते उठलेच होते.

ते व्यासपीठाखाली जाऊन लोकांकडं वळले. काठी त्यांनी बाकाला टेकवून ठेवली होती. वस्तीला वाटलं, मास्तर निरोपाचे दोन शब्द बोलणार. काही बायकांनी आधीच डोळ्यांना पदर लावला.

"मी व्यभिचाराचं पाप केलं आहे," मास्तर म्हणाले. "लग्न झाल्यानंतर. फार वर्षांपूर्वी. एका निराधार मुलीला माझ्यामुळं भोगावं लागलं. ते मी आजपर्यंत लपवलं."

पाठीमागं एक मूल रडत होतं, त्याला आईनं बाहेर नेलं. मास्तर आजारी पडल्यापासून प्रश्न विचारायचं काम हनोख उमाप या दुसऱ्या वडिलांकडं आलं होतं. हनोख मास्तरांचाच विद्यार्थी, नियमाला पक्का. तो उठला.

"मास्तर, कोणाबरोबर?"

मास्तर गप्प.

"ती बाई मंडळीतली होती का?"

मास्तर गप्प. त्यांचा एक हात पोटावर होता, दुसरा बाजूला लोंबत होता.

"मास्तर, नाव सांगा," हनोख म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा झाला होता. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत. अर्ध्या कबुलीला आम्ही क्षमा करू शकत नाही."

शेवटच्या रांगेत गयाबाई नावाची एक थकलेली म्हातारी बसत असे. मास्तर आणि राहेलबाई सोडल्या तर त्या जुन्या काळातली ती एकच उरली होती. मी पाहिलं, तिनं मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही. तिला कळलं असावं. पुढं ती जगली तितके दिवस तिनं कुणाजवळ अक्षर काढलं नाही.

वेळ गेला. किती गेला ते मी पाहिलं नाही. मास्तरांचे पाय कापायला लागले तेव्हा मी व्यासपीठावरून पुढं झालो आणि म्हणालो, "आजारी माणूस आहे. नावाचा आग्रह सोडून मंडळीनं क्षमा करावी असं मी सुचवतो."

काही हात वर होऊ लागले. मास्तरांनी मान हलवली. माझ्याकडं न पाहता, लोकांकडं पाहून ते म्हणाले, "नाही. हात खाली घ्या. नियम मोडू नका." मग हनोखला म्हणाले, "बोल तू."

हनोखला रडू येत होतं. त्यानं ते शब्द म्हटले. एलीशा वाघचौरे यांना मंडळीबाहेर ठेवण्यात येत आहे. प्रभुभोजन बंद. वडीलकी बंद. कबरीच्या जागेचं शेवटचं वाक्य न म्हणताच तो खाली बसला.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "असंच म्हणायचं असतं."

आता ते जातील म्हणून लोक वाट देऊ लागले. पण त्यांना पाऊल उचलता येईना आणि काठी लांब राहिली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं राहेलबाई उठल्या. शेजारच्या मुलीचा हात त्यांनी सोडला. बाकं चाचपत मधल्या वाटेवर आल्या, पुरुषांच्या बाजूला गेल्या, मास्तरांच्या दंडाला धरलं.

"चला घरी," त्या म्हणाल्या. एवढंच. दोघं हळूहळू दारापर्यंत गेली. आम्ही शेवटचं गीत म्हटलंच नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर आत झोपले होते. राहेलबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, डोळ्यांनी नाही, बोटांनी.

"बाई, तुम्ही फार मोठं मन केलंत," मी म्हणालो. "तुम्ही क्षमा केलीत."

"कुणी सांगितलं?"

मी गडबडलो. "सगळ्यांसमोर तुम्ही त्यांना..."

"त्यांच्या औषधाची वेळ झाली होती," राहेलबाई म्हणाल्या. "क्षमेचं माझं मी बघेन. ते मंडळीचं काम नाही न् तुमचंही नाही, पाळकसाहेब. तुम्ही चांगले आहात, पण नाही."

सूप त्यांनी बाजूला ठेवलं.

"शुक्रवारी सांगितलं मला. इथंच बसून. सांगता सांगता तीनदा पाणी प्यायले. मी काही बोलले नाही. अजून बोलले नाही." बोटांना लागलेली तांदळाची पूड त्यांनी पदराला पुसली. "तिला मी लुगडं दिलं होतं. हिरव्या काठाचं. तेव्हा मला माहीत नव्हतं काही. माहीत असतं तर दिलं असतं का? दोन दिवस तेवढाच विचार करतेय. उत्तर येत नाही."

मास्तर त्यानंतर जेमतेम दीड महिना जगले. माणसं चोरून भेटायला येत, दूध आणून देत, दारातूनच परत जात. राहेलबाई त्यांचं सगळं करत होत्या. दोघं बोलत होती की नाही, मी विचारलं नाही. एकदाच मी प्रभुभोजनाची भाकर खिशात घालून गेलो होतो, नियम बाजूला ठेवून. मास्तरांनी ती पाहिली आणि तोंड भिंतीकडं केलं. "सगुणाला कुणी नेऊन दिली होती का?" ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं का, हलकं वाटलं का, हे मला कधीच कळलं नाही. चेहऱ्यावरून तरी नुसतं दुखणं दिसत होतं.

त्यांना कुंपणाकडेला पुरलं. सोलापूरहून मुलगी आली होती, ती हनोखशी भांडली. राहेलबाईंनी तिला गप्प केलं. "तिथंच ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांनीच दुसऱ्यांना आखून दिलेली जागा आहे." मग कबरीजवळ गेल्या, मूठभर माती टाकली आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. ती प्रार्थना होती की दुसरं काही, ते ऐकू येण्याइतकं जवळ कुणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आंबेसांगवीला गेलो. दिवस मावळत आला होता. सून चुलीपुढं होती. सगुणाबाई बाहेर म्हशीला वैरण टाकत होत्या. मला पाहून त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि गोठ्याच्या आडोशाला आल्या.

"गेले?"

"गेले. परवा."

"नाव घेतलं?"

"नाही."

"राहेलबाईला?"

"आधीच सांगितलं होतं. घरी."

त्यांनी मान डोलावली. मी थांबलो. आता त्या काहीतरी बोलतील, रडतील, निदान सुस्कारा टाकतील असं वाटत होतं. त्यांनी अंगावरचं गवत झटकलं. "बसा. च्या घिऊन जा," म्हणाल्या.

मी ओसरीवर बसलो. चहा आला तेवढ्यात मुलगा कारखान्यातून आला. सायकल भिंतीला लावून तो अंगणातून चालत आला आणि मी कप खाली ठेवला. उजवा खांदा किंचित पुढं, पाऊल आधी टाचेवर. बोरखळीच्या शाळेच्या वाटेवर ते चालणं मी वर्षभर रोज पाहिलं होतं.

"कोण पाव्हणे, आई?"

"बोरखळीचे पाळक. त्यांच्या तिकडं एक म्हातारे मास्तर वारले. लहानपणी मी त्या वस्तीत होते ना, म्हणून सांगायला आले."

"आरं आरं," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढली. कपाळावर ग्रीसचा पट्टा होता. "मग जायला पाहिजे होतं ना आपण मातीला. मला निरोप धाडायचा, मी रजा टाकली असती."

"झाली माती," सगुणाबाई म्हणाल्या. "हातपाय धू."

तो रांजणाकडं वळला आणि पुन्हा थांबला. चांगला माणूस होता. आईच्या माहेरचं म्हणावं असं कुणी कधी दारात आलं नव्हतं, म्हणून त्याला विचारपूस करावीशी वाटली असेल.

"त्यांना मुलंबाळं कोण?" त्यानं मला विचारलं.

सगुणाबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या वैरणीची पेंढी सोडत होत्या, सोडायचा हात तसाच राहिला होता.

"एक मुलगी," मी म्हणालो. "सोलापूरला असते."